पट्टीखालची फट

कोलशेतच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर नऊ-दहा वर्षांची कादंबरी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसली होती. 'थर्ड आय'चे वर्ग चालवणाऱ्या रवींद्र सरांनी तिच्या मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं. तिने मान जराशी मागे केली, कागदावरून बोटं फिरवली आणि मथळा घडाघडा वाचला. टाळ्या थांबेनात.

"हा चमत्कार नाही, पालकहो," सर कोट सावरत म्हणाले. "हे प्युअर न्यूरोसायन्स आहे. मेंदूला डोळ्यांची गरजच नाही. थर्ड आय म्हणा, अल्फा म्हणा, कॉस्मिक वायफाय म्हणा. पासवर्ड तेवढा आमच्याकडे."

मग पडद्यावर एका शोधनिबंधाचं पहिलं पान आलं. त्यावर नाव होतं, डॉ. मेघाली नाखवा.

"आपल्या कोळीवाड्याची लेक. जगभरचे शास्त्रज्ञ हिचा दाखला देतात. आता बोला."

शेवटच्या रांगेत बसलेली मेघाली ते पान वाचायला पुढे झुकली. तिची सगळी हयात बंगळुरूच्या प्रयोगशाळेत मेंदूचा अभ्यास करण्यात गेली होती. जन्मांध माणसं बोटांनी ब्रेल वाचतात, तेव्हा मेंदूतला एरवी पाहण्याचं काम करणारा भागही कामाला लागतो, हे तिने धीराने, पुन्हा पुन्हा तपासून दाखवलं होतं. त्या कामावर इतरांनी पुढचं काम उभं केलं. तिचे विद्यार्थी आज देशोदेशी शिकवतात. पण पट्टी बांधून छापील अक्षर दिसतं, असं तिने कुठेही लिहिलं नव्हतं. या माणसाने तिचं एक वाक्य उचललं होतं आणि त्याच्या पुढचं गाळलं होतं.

हे तिला कळलं ते त्याच सकाळी, भाचीमुळे. सोनल ठाण्याजवळ दिव्याला राहायची. तिच्या मुलीला, दक्षताला, लहानपणापासून काचबिंदू. निवृत्त होऊन घरी परतलेल्या मावशीला भेटायला दोघी आल्या होत्या. मेघालीने सहज विचारलं, "हिचे थेंब आणलेस ना?"

"बंद केलेत, मावशी. दिवाळीपासून."

"कुणाला विचारून?"

"सर बोलले, थेंबांनी डोळा आळशी होतो. मी स्वतः बघितलेलं गं, पोरं पट्टी बांधून वाचतात. आणि त्यांच्या पुस्तकात तुझं नाव आहे ना. मला वाटलं, तुझंच औषध आहे."

मेघाली तशीच त्या दोघींबरोबर सभागृहात आली होती.

आता मंचावर दक्षताची पाळी आली. पट्टी बांधली, वर्तमानपत्र ठेवलं. तिने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. काहीच नाही.

"श्रद्धा कमी पडते हिची," सर माईकवर हसले. "घरात कुणीतरी शंका घेतंय."

"मी रोज ध्यान करते, आई," दक्षता हळूच म्हणाली. माईकने ते सगळ्यांना ऐकवलं.

मेघाली उठली आणि सरळ मंचावर गेली. "मी मेघाली नाखवा. पडद्यावरचं नाव माझं आहे. ती पट्टी मला बांधा."

सरांचा चेहरा उतरला, पण जीभ सावरली. "मॅडम, अहोभाग्य. पण तुमचं ट्रेनिंग नाही झालेलं."

"बांधा की, सर," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

पट्टी बांधली. मेघालीने मान मागे केली आणि बातमी वाचून दाखवली. पुन्हा टाळ्या. "पाहिलंत? विदुषी आहेत, लगेच जागृती झाली," सर गर्जले.

मेघालीने पट्टी काढून सोनलला वर बोलावलं आणि तिला बांधली. "मान मागे कर. आता नाकाच्या कडेने खाली बघ. काय दिसतं?"

सोनलने मान मागे केली. मग म्हणाली, "पेपर. सगळा दिसतो."

मेघालीने एक पुठ्ठा तिच्या नाकाखाली आडवा धरला. "आता?"

"काहीच नाही."

"एवढंच आहे हे," मेघाली लोकांकडे वळली. "नाकापाशी पट्टी टेकत नाही, तिथे फट राहते. आणि दक्षताला का जमलं नाही? काचबिंदूने तिची कडेची आणि खालची नजर खाल्लीय. फटीतून डोकावायला तीच लागते. पोरीची श्रद्धा कमी पडली नाही. नजर कमी पडली."

कादंबरी रडायला लागली. "सर बोललेले, खालून दिसतं तेच ध्यान असतं."

"तू खोटं बोलली नाहीस, बाळा," मेघालीने तिला जवळ घेतलं. "तुला खोटं शिकवलं गेलं."

या गडबडीत सर मागच्या दाराने निघून गेले.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दक्षताचे डोळे तपासले. डोळ्यांतला दाब खूप वाढला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांनी राखता येईल, म्हणाले. रिक्षात सोनल मुलीचा हात धरून बसली होती. "मावशी, तू एवढं लिहिलंस," ती म्हणाली, "मग आम्हाला ते त्याच्या तोंडून का कळलं?"



पुढच्या रविवारी मेघालीने तेच सभागृह मागून घेतलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांचे वर्ग डोंबिवलीत सुरू झाल्याचं कुणीतरी सांगितलं. तरी ती कोळीवाड्याच्या बोलीत मेंदूविषयी बोलली, जेवढं ठाऊक आहे तेवढं आणि जे अजून कुणालाच ठाऊक नाही तेही. शेवटी म्हणाली, "नाव मोठं आहे म्हणून कुणाचं ऐकू नका. माझंही नको. मध्ये पुठ्ठा धरून बघा. जो पुठ्ठा धरू देत नाही, त्याच्यापुढून आपलं लेकरू उचला आणि घरी चला."