मंगळवारी अकराचा वर्ग

आर्डिस पकेटला ऑनर्सचं पत्र आलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. केंटकीतल्या एका डोंगराळ गावातल्या विद्यापीठाच्या मेसमध्ये ती बारा वर्षं वाढायला उभी राहत होती. त्यातली शेवटची सहा वर्षं, कामातून तासभर सुटी घेऊन एकेक विषय करत, ती भूगर्भशास्त्राच्या पदवीकडे रखडत निघाली होती. आता तीन विषय राहिले होते. तेवढ्यात हे पत्र: गुण उत्तम आहेत, ऑनर्समध्ये या. म्हणजे वर्षभर जास्त शिकायचं, स्वतःचा प्रबंध लिहायचा, आणि मंगळवारी-गुरुवारी सकाळी अकराला सेमिनार.

अकराला तर जेवणाची रांग लागायची.

दोन दिवस पत्र तिच्या एप्रनच्या खिशात राहिलं. तिसऱ्या दिवशी ती भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या लिंडक्विस्टबाईंकडे गेली. तिचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. आर्डिसच्या माहेरच्या खोऱ्यात खाण बंद झाल्यापासून विहिरींचं पाणी तांबूस झालं होतं. त्यावरचा तिचा निबंध बाईंनी दोनदा वाचला होता.

"मला नाही जमणार, बाई. कामाची वेळ आहे."

"फक्त वेळेचाच प्रश्न आहे?"

ज्या पोरांच्या ताटात रोज उकडलेल्या शेंगा वाढायच्या, त्यांच्या शेजारी बसून तोंड उघडायचं, याचीच आर्डिसला धास्ती होती.

"आज नका नाही म्हणू," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी म्हणा. मी थांबते."

परत येऊन तिनं मेसच्या मुकादमाला, डॉयलला, सगळं सांगितलं. साठीचा, फटकळ माणूस. तो मक्याचा ब्रेड कापत होता. सुरी थांबली.

"म्हणजे नाही म्हणून आलीस?"

"मग काय करू? आठवड्यातून दोनदा, ऐन गर्दीला रांग कोण सांभाळणार?"

"इतकी वर्षं तू वर्गात असताना कोण सांभाळतंय?"

"एका विषयापुरतं ऑफिस बदलीचं माणूस पाठवतं ना."

"कोण माणूस? नाव सांग बघू त्याचं!"

आर्डिस त्या वेळी वर्गात असायची. बदलीवर कोण येतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं बये, माझ्या जेवणाच्या सुट्टीत मीच उभा असतो तिथं," डॉयल म्हणाला. "ऑफिसनं पहिल्याच महिन्यात हात वर केले. तुला सांगितलं असतं तर तू शिकणं सोडलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?"

"सहा वर्षं? आणि तुमचं जेवण?"

"नंतर जेवतो. बारीक झालोय का मी? ... हे बघ, नको असेल तर खुशाल नाही म्हण. पण रांगेची सबब मला सांगू नकोस."

आर्डिस शीतघरात गेली आणि दुधाच्या खोक्यांना टेकून रडली. आपलं शिक्षण आपण एकटीनं ओढत आणलं असं तिला वाटत होतं. कुणीतरी रोज मुकाट्यानं खांदा देत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

तरी होकार तिनं त्याच्यासाठी दिला नाही. दोन दिवस तिनं स्वतःला एकच विचारलं: भीती गेली तर हे हवंय का? हवं होतं. ते पाणी तांबूस का झालं, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शुक्रवारी ती बाईंना "हो" म्हणाली.

पहिल्या मंगळवारी एक झिपरा मुलगा तिला बघून ओरडला, "अरेच्चा, तुम्ही! तुम्ही मला जास्तीचा बटाटा देता!" सगळे हसले. तीही हसली, आणि नंतर तासभर बोलली.

पुढच्या वर्षी तिनं खोऱ्यातल्या सव्वीस विहिरींचं पाणी तपासलं. प्रबंध मांडायच्या दिवशी डॉयल मागच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात बसला होता. पहाटे चारपासून उठलेला; आलेख सुरू होताच त्याची मान कलली. शेवटी टाळ्यांनी जाग आली तसा त्यानं हात वर केला.

"मग ते पाणी आता पिता येतं की नाही?"

"तेवीस विहिरींचं नाही," आर्डिस म्हणाली. "उरलेल्या तीन विहिरींचं येतं. त्या तीन विहिरींचंच का, ते अजून मला कळलेलं नाही."

"मग शोध की," डॉयल म्हणाला.

लिंडक्विस्टबाईंनी मान डोलावली, आणि आर्डिसनं वहीत तो प्रश्न लिहून घेतला.