मुठीपर्यंत धार

नवऱ्याच्या बनियनवरचा काखेतला डाग कमळा नेहमीसारखा घासत होती आणि तो नेहमीसारखा जात नव्हता. धाकू माडावर चढून नारळ पाडायचा. शेंड्यात घड पिळायला दोन्ही हात लागले की कोयती डाव्या काखेत दाबून धरायची, ही त्याची वडलांपासूनची सवय. मुठीजवळच्या पात्याचा गंज उतरून त्याच्या प्रत्येक बनियनवर तांबूस पट्टा उमटलेला असायचा. आज घासता घासता तिचा हात थांबला.

ती कोयती तिनं काल मशीनवर धरली होती. पार मुठीपर्यंत.

मशीन लेकीनं, शमिकानं, मुंबईहून पाठवलं होतं. विजेवर फिरणारा खरखरीत पट्टा, त्यावर पातं टेकवलं की धार तयार. कमळानं आधी विळी लावली, मग सुऱ्या, मग खुरपी, आणि मग बाईला नादच लागला. घरात बोथट म्हणून काही ठेवायचं नाही असा विडाच उचलला म्हणा ना. धाकू दगडावर पाणी शिंपडून अर्धी सकाळ कोयती घासायचा, तरी मुठीजवळचं पातं काळंच राहायचं. हिला वाटायचं, कामाचा कंटाळा. पट्ट्यावर ते काळंही उजळलं तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता! सकाळी धाकूनं टोकाकडे अंगठा फिरवला, "बरी लागली हाय" म्हणाला आणि कोयती कमरेला अडकवून गेला. मुठीकडे तो कशाला बघेल? तिथं धार कधी नव्हतीच. काखेत धरायची जागा ती.

बनियन तसंच टाकून कमळा धावत सुटली. आज धाकू ज्याचे नारळ पाडायला गेला होता, त्या काशीरामची माडांची वाडी खाडीच्या अंगाला होती. पायात चप्पल नव्हती, जांभा दगड टोचत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. देवा, अजून चढला नसू दे, एवढंच ती म्हणत होती.

धाकू चढलेला होता. सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यात, झावळ्यांच्या आड, त्याचे नुसते तळवे दिसत होते.

हाक तिच्या ओठावर आली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. माडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही, हे त्यांच्या गावातलं पोरसुद्धा जाणतं. तिच्या दिराला एकदा पाहुण्यानं खालून हाक मारली होती. तो दचकून पडला, आणि अजून काठीशिवाय उठत नाही. कमळा बुंध्यापासून लांब उभी राहिली. हलली नाही. वाऱ्याची तिला भीती वाटत होती, स्वतःच्या श्वासाची वाटत होती.

खाली चार-दोन नारळ पडलेले होते. नवा एकही पडत नव्हता. दम खातोय, तिनं मनाला समजावलं. कोयती बाजूला ठेवून पानाला चुना लावत असेल. माणूस मनाला काय वाटेल ते सांगतो. वर काहीच हालत नव्हतं आणि ती तशीच उभी होती, जीव मुठीत धरून, नवऱ्याचा जीव वाचवत.

मग कोयती खाली आली आणि मातीत रुतली. पातं मुठीपर्यंत लाल होतं.

त्यामागून धाकू उतरू लागला. बुंध्यावरची एक खाच, मग थांबणं, मग दुसरी खाच. डावा दंड त्यानं अंगाशी घट्ट दाबला होता. आताही ती बोलली नाही. पाय जमिनीला लागले तसा तो बुंध्याला टेकून खाली बसला. काखेत टॉवेलचा बोळा कोंबलेला होता आणि त्याखालची सगळी कूस भिजली होती.

"दाब," तो म्हणाला. "घट दाब."

तिनं दोन्ही हातांनी दाबलं. बोटांखाली रक्त गरम लागत होतं.

"अवो, कधी लागला ह्ये?"

"तू येयाच्या आदी. तुला धावत येताना बघितलं मी."

"मग बोललात का नाय?"

"तू घाबरली असतीस. किंचाळली असतीस. वरनं हात सुटला असता माझा." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "म्हटलं, ही जाईल घरी, मग उतरू. पण ताकद सरत चालली."

म्हणजे ती हलत नव्हती म्हणून तो उतरत नव्हता. तो दचकेल म्हणून ही गप्प, ही घाबरेल म्हणून तो गप्प, आणि तेवढा वेळ रक्त वाहत राहिलं होतं. कमळानं हात ढिला सोडला नाही. तिनं मान वर केली आणि काशीरामच्या नावानं अशी बोंब ठोकली की पलीकडच्या काठावर जाळं विणणारे उभे राहिले.

दवाखान्यात टाके पडले. रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, हात किती उचलेल ते नंतर बघू. संध्याकाळी धाकूनं डोळे उघडले तेव्हा ती उशाशी बसलेली होती.

"पुढच्या खेपेला ओरडा," ती म्हणाली.

"तू पण ओरड."

पुढची खेप म्हणताच तिच्या डोळ्यांपुढे तो माड उभा राहिला. ती त्याचा हात धरून बसून राहिली, आणि दिवे लागले तरी तिनं तो सोडला नाही.