गळतीखालचा चेहरा

फाल्गुन उतरणीला लागला होता. वारणेच्या पात्रात पाणी थोडं आणि ऊन फार. काठावरचे पळस पेटलेले, पानगळीने विरक्त झालेले पिंपळ तांबूस पालवीने पुन्हा लाजलेले. त्या ताम्रवर्ण, तप्त, तृषार्त सकाळी सगुणाबाई एस.टी.च्या खिडकीशी बसून सांगलीला निघाल्या होत्या. आपल्या नवऱ्याचा चेहरा पाहायला.

नवरा, म्हणजे कीर्तनकार दामोदरबुवा, जाऊन बावीस वर्षं झालेली. मेघमंद्र आवाजाचा माणूस; पण समोर कॅमेरा आला, की उपरणं तोंडावर ओढून घ्यायचा. "काढायचा तर देवाचा काढा की! माझ्या थोबाडात काय ठेवलंय?" घरात भिंतीवर त्यांची वीणा होती, फेटा होता, ते नव्हते.

आवाज सगुणाबाईंच्या कानांत अजून घुमत होता. चेहरा मात्र पुसट, अधिक पुसट होत गेला. डोळे मिटावेत, तर शुभ्र उपरणं दिसे, झुलत्या चिपळ्या दिसत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, देव उचलून नेलेल्या देव्हाऱ्यासारखी, रिकामी जागा. बावीस वर्षांचं वैधव्य त्यांनी सोसलं होतं. ही रिकामी जागा सोसवत नव्हती.

अशात लेकीचा, वेणूचा, फोन आला. लोखंडाला नि चिंध्यांना आकार देणारी, कुणालाही धड न कळणारं काहीतरी नवंच घडवणारी ही पोर. "आई, बाबांचा चेहरा सापडला मला. मातीत. बंद पडलेल्या तेलगिरणीत मांडतेय, सात दिवस. वर पाण्याची गळती लावणार आहे. पण पहिल्याच दिवशी ये हं, पहिल्याच!"

पहिल्या दिवशी! सगुणाबाई मनाशी हसल्या होत्या. सात दिवस म्हणजे सप्ताह. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंडप अर्धा उघडा असतो, माईक कुरकुरत असतो, श्रोते अजून येत असतात. खरा रंग सातव्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला. दह्यालाह्यांचा, नामगजराचा, आनंदाश्रूंचा. आणि गळती म्हणजे अभिषेकच की! सात दिवस न्हालेलं, निथळलेलं, तेजाळलेलं रूप पाहायचं, तर शेवटच्याच दिवशी. सहा दिवस त्यांनी डोळ्यांना उपास घडवला आणि सातव्या दिवशी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या.

गिरणीच्या दाराशी राखणदार लोकांचे मोबाईल टोपलीत ठेवून घेत होता. सगुणाबाईंनी चपला काढल्या.

"चपला राहू द्या, आजी. देऊळ नाही हे."

"तुम्हाला नसेल हो," त्या म्हणाल्या आणि अनवाणी आत गेल्या.

आत उंच, अंधुक, धूसर शांतता. फुटक्या कौलांतून उतरलेले उन्हाचे तिरपे खांब. तुळईला टांगलेलं तांब्याचं पात्र, पिंडीवर असतं तसं. त्यातून थेंब. मग थेंब. मग आणखी एक, नेमका, निर्विकार, न थकणारा थेंब.

आणि खाली चिखल होता.

करडा, ओघळलेला, अनामिक चिखल. नाक नव्हतं, ओठ नव्हते, हनुवटी नव्हती. शेजारी दोन कॉलेजच्या मुली कुजबुजत होत्या. "पहिल्या दिवशी बघायचा होतास गं! डोळे असे, की आता बोलतील." दुसरी खुसखुसली, "आणि आज? शेणाचा पो नुसता!"

"आई!" कोपऱ्यातून वेणू धावत आली. "आज? अगं, रोज फोनवर 'येते, येते' म्हणायचीस. मी दाराकडे डोळे लावून बसले होते."

"मला वाटलं, काल्याला जावं."

वेणू चिखलाकडे वळली. "कच्ची माती होती, आई. भाजलीच नव्हती. रोज थोडा थोडा विरघळायचा होता तो चेहरा, आपल्या मनातून गेला तसा. आधी सांगितलं असतं, तर तू करूच दिलं नसतंस."

"फोटो तरी?"

"कुणाला काढू दिला नाही. बाबांनी तरी कधी दिला होता?"

"मग पुन्हा कर. तुझ्या हातांना ठाऊक आहे."

वेणूने मातीने भेगाळलेले तळवे आईपुढे उघडले. "सात महिने घडवत होते. रोज कुणीतरी भलताच माणूस व्हायचा. एका पहाटे ते आले, एकदाच. परवापासून मी दोनदा बसले गं पुन्हा घडवायला. नाही येत. आता डोळे मिटले, की मलाही हा चिखलच दिसतो."

एक चेहरा, आणि तो जपणाऱ्या दोघीच जणी. आता दोघींपाशीही नाही. गिरणीभर उन्हाचे खांब सरकले, कलले, विझत गेले.

सगुणाबाई चिखलापुढे मांडी घालून बसल्या, कीर्तनाला बसाव्यात तशा. पुढे वाकून म्हणाल्या, "कपाळ कुठे होतं गं?"

वेणूचं बोट हवेत फिरलं, थबकलं, पुन्हा फिरलं. "इथे... नाही. जरा वर. इथे असेल."

सगुणाबाईंनी तिथे बोट टेकवलं, गंध लावावं तसं. माती थंडगार होती. बोट उचललं, तर मागे एक इवलासा खळगा राहिला. वरून थेंब आला. थेंबावर थेंब आला. खळगा भरला, काठोकाठ भरला. मग त्याची कड खचली, आणि भोवतालच्या मातीसारखीच तीही माती मऊ झाली, सपाट झाली, वाहती झाली.