फळीची उंची

पुण्याच्या प्रकाशकांकडून माझ्या आकृत्यांचं पाकीट परत आलं. शाळेसाठी वनस्पतिशास्त्राचं मराठी पुस्तक ते काढणार होते आणि मी नमुन्यादाखल काही आकृत्या पाठवल्या होत्या: धोतऱ्याच्या फुलाचा उभा छेद, मक्याचा दाणा, मोड आलेला घेवडा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आकृत्या बिनचूक आहेत, पण रेघ थरथरते आणि अशा रेघेचा छपाईचा ब्लॉक चांगला निघत नाही. दसऱ्याच्या आत सुधारून पाठवल्या तर सगळं पुस्तक माझ्याकडे, नाहीतर ते दुसरं कोणी पाहतील.

मी माझीच रेघ भिंगाखाली धरून पाहिली. दोन्ही कडा करवतीसारख्या दिसत होत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं.

बी. एस्सी. होऊन लग्न झालं आणि मी जुन्नरला आले. हायस्कुलात शास्त्राला मास्तर होते, दुसरी जागा निघण्याचं चिन्ह नव्हतं. घरी बसून करता येईल असं हे एकच काम मला दिसलं होतं. ते गेलं असतं तर भिंग, टाक, चिनी शाईची बाटली हे सगळं ट्रंकेत तळाशी जाणार होतं, आणि तळाशी गेलेलं पुन्हा वर येत नाही हे मी माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं.

आम्ही कासमभाईंच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली त्यांचं सुतारकामाचं आणि जुन्या लाकडी सामानाचं दुकान आणि मागे बिऱ्हाड. वर आमच्या दोन खोल्या: एक स्वयंपाकाची, एक बाकी सगळ्याची. त्या दुसऱ्या खोलीत उत्तरेची खिडकी होती, म्हणून उजेड दिवसभर सारखा असे. खिडकीखाली माझ्या सासूबाई धान्य निवडत बसायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून, मांडीवर पाट आणि पाटावर कागद ठेवून आकृत्या काढत होते.

"मांडीवर रेघ हलणारच," माझे यजमान संपतराव म्हणाले. ते तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात कारकून होते. "काहीतरी घेऊ या. फार महाग नको."

"कासमभाईंना विचारा, एखादं डेस्क आहे का," मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं डेस्क होतं, कमरेएवढं उंच, वर सपाट. संध्याकाळी संपतराव जिना चढून आले ते खांद्यावर पेढीवरच्या दिवाणजीचं डेस्क घेऊन: खाली बसून लिहायचं, उतरत्या झाकणाचं, आत वह्या ठेवायला खण. बाजारात डेस्क म्हणतात ते त्यालाच.

आत्याबाईंना ते फार आवडलं. "आता शिक्का आन गादी आण," त्या मला म्हणाल्या. "बसून सावकारी कर."

मी दोन दिवस प्रामाणिकपणे त्याच्यावर काम केलं. झाकणाच्या उतारावर भिंगाची बैठक घसरायची. खाली पाचर ठेवून ती मी सपाट केली. एवढं करूनही रेघ थरथरतच होती, थोडी कमी, पण थरथरत होती. डेस्क परत करायला मी स्वतः खाली गेले.

"डेस्क म्हणलात, डेस्क दिलं," कासमभाई रंधा थांबवून म्हणाले. "टेबल पायजे व्हतं तर टेबल म्हणायचं, वैनी. आता दिवाणजीच्या पोराला काय सांगू? बाईमाणसाला पेढी चालली न्हाई म्हणून?"

त्यांच्याकडे एक टेबल होतं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी विकायला ठेवलेलं, सोबत हाताची खुर्ची. टेबल हलकं होतं, किंमत आम्हाला झेपणारी होती, आणि जिन्यातून वर जाईल की नाही हे कासमभाईंनी दोरीने मापून सांगितलं. खुर्ची सोडून टेबल द्यायला साहेबांची ना नव्हती, पण जोडी घेतली तर स्वस्त पडत होती. संपतरावांनी जेवताना विषय काढला.

आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"खुर्ची कुणाला?"

"हिला. टेबलावर काम करायचं म्हणजे खुर्ची लागतेच, आई."

"आन मी कुठं बसणार?"

"तू बसतेस तिथंच."

"म्हंजे मी भुईला आन ही खुर्चीवर," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या गावाकडनं, पिंपळवंडीचं कोण आलं तर काय दिसंल? सून डोक्यावर बसली म्हणतात ते ऐकलं व्हतं. आता डोळ्यानं बघत्याल."

"तू पण खुर्चीवर बस की."

"मी काय कचेरीत हाय?"

त्या रागावल्या नव्हत्या. मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं, आणि म्हणूनच वाद घालायला जागा नव्हती. आमच्याकडे सासऱ्यांसमोर, चुलत्यांसमोर सुना उंच बसत नसत. मी स्वतःही कधी बसले नव्हते. पण त्यांना एवढ्यावर सोडायचं नव्हतं म्हणून मी विचारलं, "आत्याबाई, मी उभी राहिले तर?"

"उभं ऱ्हायला कोण न्हाई म्हणतंय? भाकरी घेऊन शेतावर उभंच जातो आपण."

बोलण्यात मी ते सहज विचारलं होतं. टेबलाजवळ वाकून उभं राहून काम होत नाही हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची वाटी जमिनीवर ठेवली होती, टाक धुवायला. आत्याबाई स्वयंपाकघरातून खिडकीकडे गेल्या आणि वाटीतल्या पाण्यावर वर्तुळं उठली. त्या टाच आधी टेकवून चालत, खेड्यात सगळ्या बायका चालतात तशा. मी त्यांना म्हटलं, "जरा पुन्हा तिकडं जाऊन या."

"का?"

"जाऊन या ना."

त्या गेल्या, आल्या. वर्तुळं उठली. खाली कासमभाईंनी काहीतरी ठोकलं तेव्हाही उठली. माडीची जमीन लाकडी फळ्यांच्या तक्तपोशीची होती, खालच्या तुळयांवर टेकलेली. घरातलं प्रत्येक पाऊल तिच्यातून जात होतं. मांडीवरचा पाट, दिवाणजीचं डेस्क, साहेबांचं टेबल, सगळं शेवटी त्याच जमिनीवर उभं राहणार होतं. मी उगाच उंचीचा आणि उताराचा विचार करत बसले होते.

मी वाटी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. भिंत हातभर जाड होती, थेट पायापासून आलेली.

"आता चाला."

"येड लागलं का गं तुला?" आत्याबाई म्हणाल्या, पण चालल्या. पाणी हललं नाही. त्यांनीही वाकून पाहिलं. मग मुद्दाम जोरात पाय आपटला. पाणी तसंच.

"मला टेबल नको," मी संपतरावांना म्हटलं. "भिंतीला फळी हवी. पाय नसलेली."

कासमभाई वर आले आणि त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं. घर त्यांचं होतं, त्यामुळे ते सुतार म्हणून एक बोलत आणि मालक म्हणून दुसरं.

"फळी बशीवतो. पण भिंतीला भोकं पडली तर माझा जीव जाईल."

"मग?"

"कच्ची वीट हाय. खिळा धरायची न्हाई." खिडकीच्या कट्ट्याखालून भिंतीत एक आडवं लाकूड घातलेलं होतं, त्यावर त्यांनी हात ठेवला. "ह्ये सागवान माझ्या आज्ज्यानं घातलंय. फळीखालच्या घोड्या ठोकायच्या तर ह्यालाच. वर न्हाई, खाली न्हाई."

ते लाकूड माझ्या कोपरापाशी येत होतं, मी उभी असताना.

"लई उंच व्हतंय, वैनी. खुर्चीवर बसून हात पोचायचा न्हाई."

"खुर्ची नाहीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, मग संपतरावांकडे. दुपारपर्यंत त्यांनी एका जुन्या दाराचं झडप घासून, दोन तिरक्या लाकडी घोड्यांवर बसवून दिलं. कडीकोयंड्याची भोकं बुजवली. साहेबांच्या टेबलाच्या निम्माही खर्च त्याला आला नाही. फळीखाली आत्याबाई पूर्वीसारख्या बसू शकत होत्या, त्यांचं सूप, धान्याचा डबा, वळकटी, सगळं जिथल्या तिथे राहिलं. त्यांनी एकदा फळीला खालून हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "छप्पर झालं मला."

मी उभी राहून काम करू लागले. पहिली रेघ काढली, धोतऱ्याच्या पाकळीची, देठापासून टोकापर्यंत एका दमात. वाळल्यावर भिंगाखाली धरली. कडा साफ होत्या.

उभं राहण्याचा त्रास पहिल्या दिवशी कळला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोटे सुजले. मी एक पाय पाटावर ठेवून दुसरा मोकळा करत असे, मग उलट. बारीक ठिपक्यांची छाया द्यायची म्हणजे तासन्‌तास तसंच राहावं लागे, कारण ठिपके देताना मध्येच हात काढला की दाटी बदलते. कासमभाईंची बायको जोहराबी वर ताक मागायला आली तर माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "दिवस गेल्यासारखं सुजलंय. गेलेत का?" नव्हते. तिने ताक नेलं आणि संध्याकाळी पायांना चोळायला एरंडेलाची वाटी आणून दिली.

आकृत्या दसऱ्याच्या आधी गेल्या. उत्तर आलं की रेघ आता चांगली आहे, पुस्तकाचं काम तुमचं, सोबत यादी जोडली आहे. यादी लांब होती. मी ती वाचली आणि आधी मनात पायांचा हिशेब केला. उभं राहून एवढं व्हायचं नाही हे स्पष्ट होतं. पण खुर्चीचा विषय मी पुन्हा काढला नाही. उभी राहते असं मीच म्हटलं होतं.

दिवाळीच्या आधी पिंपळवंडीहून आत्याबाईंचे धाकटे दीर गेणभाऊ आले, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. मी डोक्यावर पदर घेतला, पाया पडले, चहा केला आणि फळीपाशी परत गेले, कारण सूर्यफुलाच्या खोडाचा काप काचेवर पाण्याच्या थेंबात होता आणि तो सुकला असता तर वाया गेला असता. गेणभाऊ सतरंजीवर बसून शेंगा फोडत होते. बराच वेळ त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं.

"वैनी," ते आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाईनं काय केलं?"

"काय केलं म्हंजे?"

"भिंतीकडं तोंड करून उभी केलीय. पाढं आलं न्हाईत का?"

"काम करतीया ती. पुण्याचं पुस्तक हाय."

"आसंल. पण मी आलो तवापासनं उभी हाय. आमचा मास्तर बी तासाभरानं बस म्हणायचा." त्यांनी एक शेंग तोंडात टाकली. "गावाकडं सांगितलं तर बाया म्हणत्याल, सरूबाईनं शिकलेली सून केली आन दिवसभर उभी ठिवली. तुमच्या सासूनं तुमाला एवढं उभं केलं नव्हतं."

"तुमी सांगणार का गावाकडं?"

"मी कशाला सांगतोय? पण इचारलं तर खोटं कसं बोलू?"

माझा टाक शाईच्या बाटलीतच राहिला. आत्याबाई सूप खाली ठेवून उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

"कासम! ये कासम! वर ये."

कासमभाई अंगावरचा भुसा झटकत आले.

"हिला बसायला कायतरी कर," आत्याबाई म्हणाल्या.

"खुर्ची?"

"खुर्ची न्हाई. खुर्चीला पाठ असती, टेकून बसत्यात, सायबावानी. पाठ नसलेलं कर. हात ठेवायला बी नको."

"म्हंजे स्टूल."

"तू काय बी म्हण."

"न्हाव्याच्या दुकानात असतंय तसलं," गेणभाऊ म्हणाले.

"त्याला कोण खुर्ची म्हणतंय का?" आत्याबाईंनी त्यांना विचारलं.

"न्हाई बा. त्याला कोण कशाला खुर्ची म्हणंल?"

"मग झालं."

गेणभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. स्टूल संध्याकाळी आलं. कासमभाईंनी मला फळीपाशी उभं करून, फळीपासून खाली माप घेऊन ते बनवलं होतं, त्यामुळे ते कुठल्याही साध्या खुर्चीपेक्षा उंच निघालं. खरं तर साहेबांच्या त्या खुर्चीपेक्षा वीतभर तरी उंच होतं. मी पदर सावरून चढले. खिडकीखाली बसलेल्या आत्याबाईंना मला पाहायला मान पार मागे टाकावी लागली.

कासमभाईंनी हातातली पटाशी पाठीमागे धरली. "फळीच उंच हाय, मावशी," ते म्हणाले. "स्टूल खाली करून चालंल कसं?"

आत्याबाईंनी खालून सगळं नीट पाहिलं. माझं लुगडं, माझे हवेत लोंबणारे पाय, स्टुलाचे चार पाय.

"पडंल ती," त्या कासमभाईंना म्हणाल्या. "खालनं दांडी मार की आडवी, पाय ठिवायला. एवढं बी सुचत न्हाई का तुला?"

कासमभाईंनी दांडी बसवेपर्यंत मी उभी राहिले. मग पुन्हा चढले, पाय दांडीवर टेकवले आणि यादीतली पुढची आकृती घेतली: कांद्याचं मूळ, टोकाकडून.