दाराशी मुका होणारा रेडिओ

रेडिओ भजन गात होता आणि फिरते धर्मोपदेशक ब्रदर क्लेटस तो दोन्ही हातांत उंच धरून ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घराची, पायरी चढत होते. घडीच्या खुर्च्यांवर बसलेली सगळी म्हातारी मंडळी माना उंचावून बघत होती. ब्रदर दारातून आत गेले आणि गाणं विरलं. उरली नुसती खरखर. बाहेर आले, गाणं परत सुरू! निवडुंगांच्या त्या उघड्या माळावर एकदम गलका उठला, "हालेलुया!"

"माझी हातचलाखी वाटेल कुणाला," ब्रदर म्हणाले. "भगिनी आर्डिस, तुम्हीच न्या."

आर्डिसने रेडिओ घेतला. ट्रेलर तिचाच, रेडिओही तिचाच. दरवर्षी हिवाळ्यात मिनेसोटाचा बर्फ सोडून ती आणि तिचा नवरा मिल्टन ॲरिझोनाच्या या माळावर येऊन राहत, मिल्टनच्या फुप्फुसांना कोरडी हवा मिळावी म्हणून. मागचा ट्रेलर जुना झाला, म्हणून यंदा त्यांनी होतं नव्हतं ते घालून हा चकचकीत, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रेलर एका विधवा बाईकडून घेतला होता. तिचा नवरा याच ट्रेलरमध्ये, झोपेतच गेला होता.

आर्डिसने आत पाऊल टाकलं. गाणं तिच्या हातातच मेलं.

"आता दिवा लावा!" बाहेरून ब्रदरनी सांगितलं.

तिने छताच्या ट्यूबलाइटचं बटण दाबलं आणि रेडिओ गुरगुरला. कुत्रं दात विचकून गुरगुरतं तसा. किंचाळून ती बाहेर धावली.

"ऐकलंत?" ब्रदर क्लेटसनी डोळे मिटले. "प्रभूचं वचन हे दार ओलांडत नाही. आत जो मेला, तो गेलेलाच नाही! आणि त्याला सोबत हवी आहे." डोळे उघडून त्यांनी नेमकं मिल्टनकडे पाहिलं. मिल्टन खोकत होता.

मग त्यांनी तांब्याचा एक क्रूस काढला. त्याला लांबलचक तार होती. तारेचं एक टोक खिडकीबाहेर खांबावर टाकलं, क्रूस आत रेडिओच्या पाठीला टेकवला. ट्रेलरमध्ये भजन घुमलं! लोक रडू लागले. "पण हा क्रूस सैतानाला किती काळ थोपवणार?" म्हणत ब्रदरनी तो गुंडाळून खिशात घातला. "रविवारी मी ट्रेलर ओढून नेतो आणि अग्नीला देतो. तोवर आत झोपलात तर तुमच्या नवऱ्याची हमी माझ्याकडे नाही."

त्या दिवसापासून दोघं गाडीत झोपू लागली. वाळवंटातली थंडी हाडं फोडते. सकाळी मिल्टनचे ओठ निळे दिसत.

"मला आत झोपू दे गं," तो धापा टाकत म्हणाला. "भूत परवडलं, पण ही थंडी नको."

"असं बोलू नकोस! ऐकत असेल ते."

ट्रेलरकडे पाठ करून तिने उघड्यावरच शेगडी मांडली. बाकावरच्या रेडिओवर तेच भजन लागलं आणि तिला ते सहन होईना. बटणाला हात लावायचीही भीती वाटली. तिने फडक्याने रेडिओ उचलला, टर्की पक्षी भाजायच्या मोठ्या पातेल्यात कोंबला आणि वर झाकण दाबलं.

गाणं बंद. आतून नुसती खरखर.

आर्डिसने पुन्हा करून पाहिलं. झाकण उचललं, तर गाणं. ठेवलं, तर खरखर.

"विनिफ्रेड!" ती ओरडली. "अगं, ते पातेल्यात शिरलं!"

शेजारच्या ट्रेलरमधून विनिफ्रेड धावत आली. जन्मभर तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तिने झाकण दोनचारदा उघडमीट केलं आणि कपाळावर हात मारला.

"या पातेल्यात कोण मेलंय, आर्डिस?"

"कोणी नाही. टर्की शिजलीये फक्त."

"मग टर्कीचं भूत भजनाला घाबरतं म्हणायचं! अगं, रेडिओच्या लहरी धातूच्या पत्र्यातून आत येत नाहीत. पातेलं पत्र्याचं, तुझं घरही पत्र्याचं. त्या माणसाने तार बाहेर टाकली, तिने लहरी पकडल्या आणि आत आणल्या. क्रूस नसता तरी चाललं असतं."

"आणि ती गुरगुर?"

"तुमचे दिवे बॅटरीवर चालतात ना? ती ट्यूबलाइट विजेचा गोंगाट करते, तो रेडिओत उतरतो. दिवा बंद कर, गुरगुर बंद. मी हे सांगतेय, पण खरं सांगू? जाऊन स्वतः बघ. माझ्यावरही आंधळा विश्वास नको."

आर्डिस गेली. दिवा लावला, गुरगुर झाली. तिने डोळे घट्ट मिटून बटण दाबलं. शांतता. पुन्हा लावला, पुन्हा गुरगुर. मग तिने वाळत घालायच्या कपड्यांची तार सोडली, एक टोक बाहेर खांबाला बांधलं, दुसरं खिडकीतून आत घेऊन रेडिओभोवती गुंडाळलं. रेडिओ खणखणीत हवामान सांगू लागला. ती मटकन खाली बसली आणि रडली.

रविवारी ब्रदर क्लेटस ट्रेलर ओढायची गाडी घेऊनच आले. गर्दी आधीच जमली होती.

"ब्रदर," आर्डिस पुढे होत म्हणाली, "तुमच्या गाडीमागे ती लोखंडी पेटी आहे, तिच्यात काय असतं?"

"पवित्र ग्रंथ, भगिनी. वाटायला आणतो."

तिने पेटी उघडली, गाणारा रेडिओ बायबलांच्या मधोमध ठेवला आणि झाकण लावलं. गाणं गेलं. आतली खरखर पहिल्या रांगेतल्यांना स्वच्छ ऐकू आली.

"बायबलांमध्येही सैतान शिरला का हो?"

ब्रदरच्या तोंडचं पाणी पळालं. "सैतान… सैतान फार मायावी असतो," ते पुटपुटले.

मागून एक म्हातारा उठला. "मागच्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचा ट्रेलर जाळायला नेलात. पत्रा जळत नाही, ब्रदर. तो विकलात कुठे?"

ब्रदर गाडीकडे वळले, पण तोवर लोकांनी आपल्या गाड्या आडव्या घातल्या होत्या आणि कुणीतरी तिथल्या पोलिसप्रमुखाला, शेरीफला, बोलवायला गेलं होतं.

विनिफ्रेडने प्रत्येकाला आपापला रेडिओ आणून त्याच पेटीत घालायला लावला. आर्डिस तिथे थांबली नाही. तिने मिल्टनला धरून आत नेलं, त्याच्या बिछान्यावर झोपवलं, दोन रजया घातल्या. बाहेर वारा सुटला आणि छताचा पत्रा कडाडला. तिने रजईचं टोक घट्ट धरलं.

"घाबरलीस?" मिल्टनने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "बघून येते कशाचा आवाज आहे."

भीती कुणालाही वाटते, त्यात लाजायचं काही नाही. पण तुमच्या भीतीचं कारण दुसऱ्याला सांगू देऊ नका. उठा आणि स्वतः जाऊन बघा.