मिशी राखून मास्क

केनवडचे उकंडराव ट्रॅक्टर चालवता चालवता झोपले आणि ट्रॅक्टर थेट शेजारच्या शालिग्रामच्या तुरीत शिरला. त्यांना खरचटलंही नाही, पण प्रयागबाईंनी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं. तपासणीत कळलं, झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडतो. म्हणून रात्रभर झोपूनही दिवसा डोळा लागतो. डॉक्टरांनी झोपताना लावायचं हवेचं मशीन लिहून दिलं. "मास्क मात्र लावून बघूनच घ्या," ते म्हणाले.

वाशिमला अशा मशीनच्या दुकानात रंजीता नावाच्या बाईनं उकंडरावांना खाटेवर निजवलं आणि नाकातोंडावर मोठा मास्क बांधला. मशीन सुरू होताच मिशीतून फुर्रर्र करत हवा निसटू लागली.

"काका, मिशी थोडी कमी केली तर नीट बसेल."

"मिशी नाई कमी होत. दुसरा दाखवा."

दुसरा फक्त नाकावरचा होता. तोही मिशीवर तरंगला. पट्टे आवळले तर गाल वर आले.

"बैलाले मुसकं बांधल्यावानी वाटून राह्यलं," उकंडराव म्हणाले.

"बैल घोरत तरी नाई," प्रयागबाई म्हणाल्या.

तिसऱ्याला नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन मऊ नळ्या होत्या. मिशी मोकळी राहिली.

"आता फक्त तोंड बंद ठेवायचं," रंजीता म्हणाली.

"तेच त्याइले जमत नाई."

उकंडराव कुशीवर वळले आणि दोन मिनिटांत झोपले. आवाज नाही. प्रयागबाईंनी घाबरून छातीवर हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती.

"उठवू का, काकू?"

"राहू दे बाई. मी बी जराशी टेकते."

खुर्चीत बसून भिंतीला डोकं लावलं, तशा त्याही झोपल्या. नंतर आलेल्या गिऱ्हाइकांशी रंजीता कुजबुजत बोलली. चारची एसटी निघून गेली.

साडेपाचला उकंडरावांनी बायकोला हलवलं. "कायले झोपली? गाडी गेली ना."

"घरी कुठं झोप लागते मले? बावीस वर्षं तुमचं घोरणं आयकून राह्यली."

उकंडरावांनी नाकातल्या नळ्या काढल्या. "मंग बोलली काहून नाई?"

"बोलत होती. तुमी झोपेल राहत होते."

त्यांनी मशीन आणि तोच मास्क घेतला. परतीच्या जीपमध्ये प्रयागबाईंचा पुन्हा डोळा लागला आणि त्या चांगल्या दणक्यात घोरू लागल्या. माणसं वळून पाहू लागली.

"झोपू द्या तिले," मांडीवरचा खोका सावरत उकंडराव म्हणाले.