अंतिम फेरी आणि करपलेले बटाटे

त्या संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या जेवणघरात बसायला एकही खुर्ची उरली नव्हती. ड्युटीवरचे सगळे होतेच, पण ज्यांची सुट्टी होती तेही बायकापोरांना घेऊन हजर झाले होते. टीव्ही भिंतीवर उंच लावलेला, त्यामुळे सगळ्यांच्या माना वर. पुढच्या रांगेत मधोमध आई बसली होती. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती, की जणू कोणी ती पळवायलाच टपलंय.

वजन घटवण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी थेट दाखवत होते आणि उरलेल्या तिघांत तिचा मुलगा होता. केंद्रात त्याला सगळे टाकी म्हणत. बंबावरच्या पाण्याच्या टाकीवरून पडलेलं हे नाव त्याला स्वतःलाच इतकं आवडायचं, की स्पर्धेतही तो त्याच नावाने उतरला. त्याची धाकटी बहीण पुढे त्याच केंद्रात फायरमन म्हणून लागली, तेव्हा तिला नाव शोधायला कोणाला डोकं खाजवावं लागलं नाही. टाकीची बहीण ती थेंब!

टाकी एके काळी पाइप धरून सगळ्यांच्या पुढे घुसणारा माणूस होता. मग वजन वाढत गेलं. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जिने चढला की त्याला धाप लागायची. एका आगीत तर त्याचा जोडीदार लंबू याने त्यालाच धरून खाली आणलं. त्यानंतर साहेबांनी त्याला फोनवर बसवलं. "तात्पुरतं," असं म्हणाले, आणि ते तात्पुरतं दोन वर्षं चाललं. घंटा वाजली की टाकी पत्ता लिहून घ्यायचा, पत्ता सांगायचा, आणि बंब फाटकाबाहेर पडताना खिडकीतून बघत राहायचा. त्याचं ते बघणं थेंबला सहन होईना. तिनेच त्याच्या मागे लागून लागून त्याला स्पर्धेत ढकललं.

आई तेव्हा जाम भडकली होती. "अख्ख्या जगासमोर पोट उघडं टाकून काट्यावर उभा राहणार? अरे, काही लाज?" पण पहिला भाग लागला आणि तिचा सूर बदलला. शेजारणीला ती व्यायामप्रकारांची नावं सांगू लागली. टाकीच्या विरोधात कोणी बोललं की त्या माणसाचं काही खरं नसायचं.

पण एक गोष्ट होती. शेवटचे दोन महिने स्पर्धकांना कुठे दाखवलंच नव्हतं. शिबिरात फोनही बंद. तेव्हा आता टाकी कसा दिसतो, हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

सगळ्यात आधी ट्रक चालवणारा स्पर्धक आला. काट्यावर चढला, आकडा आला, टाळ्या झाल्या. मग जाहिराती लागल्या. जेवणघरात सगळे एकदम ओरडले. "अरे साबण नंतर विका की!"

मग दिवे मंद झाले, ढोल वाजले आणि पडद्यामागून एक माणूस बाहेर आला.

क्षणभर कोणी त्याला ओळखलंच नाही. लांब मान, बसलेले गाल, अंगावर घट्ट काळा शर्ट. तो हसला तेव्हा लंबूने खुर्चीवर उडी मारली. "टाकी! अरे आपला टाकी आहे तो!" आणि मग जो गलका झाला त्याला तोड नाही. कोणी टेबल बडवलं, कोणी शिट्ट्या मारल्या, साहेबांनी चहाचा कप चक्क हवेत उंचावला आणि तो स्वतःच्याच शर्टावर सांडून घेतला. थेंब तर रडते आहे की हसते आहे, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आई, बघितलंस? दादा बघितलास?"

आई टीव्हीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हा कोण गं?" ती हळूच म्हणाली.

"अगं, दादा!"

"माझा नाही हा." तिने पर्स आणखी घट्ट धरली. "याचे गाल कुठे गेले? आजारी माणसासारखा दिसतोय. काय केलं यांनी त्याचं?"

थेंब काही बोलणार, तेवढ्यात टाकी काट्यावर चढला. त्याने आपलं वजन चाळीस टक्क्यांहून जास्त घटवलं होतं. जेवणघर पुन्हा पेटलं. आता उरल्या होत्या त्या फक्त शाळेतल्या बाई. गणित शिकवणाऱ्या, ठेंगण्या आणि सुरुवातीपासून टाकीच्या मागे हात धुऊन लागलेल्या. पुन्हा लांबलचक जाहिराती, मग त्यांचं वजन झालं की निकाल.

आणि घंटा वाजली.

नेहमीची, कान फाडणारी, छातीत धडकी भरवणारी घंटा. फोनवर बसलेल्या सहकाऱ्याचा आवाज भोंग्यावरून आला. "निवासी इमारत, तिसरा मजला, स्वयंपाकघरात आग. घरात एक बाई एकटी आहे."

"आत्ताच?" लंबू किंचाळला, पण तोपर्यंत त्याचे पाय दाराकडे धावले होते. थेंबने बूट चढवले, कोट अडकवला, हेल्मेट उचललं. जाता जाता तिने मागे वळून पाहिलं. आई त्या रिकाम्या झालेल्या रांगेत एकटीच बसली होती. साहेब तिच्या शेजारी जाऊन बसत होते.

बंब निघाला. ड्रायव्हर मामांनी आयुष्यात इतके मोकळे रस्ते पाहिले नव्हते. सिग्नलला चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून टीव्हीचा एकच निळसर उजेड एकाच वेळी लपलपत होता.

"सगळं गाव तेच बघतंय," मामा म्हणाले. "आणि आपण, ज्यांचा माणूस आहे, ते इथे सायरन वाजवत फिरतोय."

"मामा, गाडीकडे बघा," थेंब म्हणाली. पण तिचं स्वतःचं लक्ष खिडक्यांकडेच होतं.

इमारतीच्या जिन्यात धुराचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावर एक दार सताड उघडं. आत लंबूने स्वयंपाकघराचं दार लोटलं, तेव्हा शेगडीशेजारचा पडदा पेटून ज्वाळा छतापर्यंत गेल्या होत्या आणि वरची वायर काळी पडून ठिणग्या टाकत होती. बाहेरच्या खोलीत, नाकाला ओला टॉवेल लावून, एक साठीतली उंच बाई टीव्हीसमोर उभी होती. पळत नव्हती, ओरडत नव्हती. टीव्ही बघत होती.

"बाहेर चला, बाई!" लंबू गरजला.

"गॅस मी बंद केलाय, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं, तुम्हाला फोन केलाय," ती बाई टॉवेलमधून म्हणाली. "तीस वर्षं नर्स होते मी, मला घाबरवू नका. आमच्या बाई काट्यावर चढल्यात. एक मिनिट!"

थेंबची नजर नकळत टीव्हीकडे गेली. शाळेतल्या बाई काट्यावर उभ्या होत्या. डोळे मिटलेले. मागे टाकी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा. पडद्यावर आकडे गरागरा फिरत होते आणि निवेदिका म्हणत होती, "आणि आपला विजेता आहे..."

वर वायर ठिणग्या टाकत होती. पाणी मारायचं तर आधी वीज तोडायला हवी. मेन स्विच दाराशेजारी, थेंबच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"थेंब!" लंबूने पाइपचं तोंड धरलं होतं. त्याने टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. "कर बंद!"

तिने खटका खाली ओढला.

टीव्ही गेला. दिवे गेले. नर्सबाईंच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज आला. आणि त्याच क्षणी वरून, खालून, समोरच्या इमारतीतून, अख्ख्या गल्लीतून एक प्रचंड आरोळी उठली. माणसं बाल्कन्यांमध्ये येऊन नाचत होती, भांडी बडवत होती. सगळ्यांना कळलं होतं. फक्त या अंधाऱ्या घरातल्या माणसांना कळलं नव्हतं.

"कोणासाठी ओरडतायत?" नर्सबाईंनी विचारलं.

"देव जाणे!" थेंब म्हणाली आणि लंबूच्या मागे आत घुसली.

पुढचं काम त्यांच्या हातांनी केलं. पडदा खाली ओढला, ज्वाळा दाबल्या, खिडकी उघडली, धूर बाहेर काढला. शेगडीवर एक पातेलं होतं. त्यात तळाला काळंकुट्ट काहीतरी चिकटलं होतं, ते कोणे एके काळी बटाटे होते. आग विझली, वायर तपासून झाली, भिंतीतून धग येत नाही याची खात्री झाली. तेव्हा कुठे थेंबने मास्क काढला आणि ती जिन्यात धावली.

जिन्यात शेजारी जमले होते. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मोबाइल हातात धरून उभे होते.

"काका, निकाल काय लागला?"

शिंपीकाका खुलले. इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत हे त्यांना फारच भावलं असावं. "त्याचं असं झालं," त्यांनी सुरुवात केली, "आधी बाई काट्यावर चढल्या, मग आकडा थांबेचना..."

"काका, नाव सांगा नाव!" लंबू, थेंब, नर्सबाई, तिघं एकदम ओरडले.

"बाई! शाळेतल्या बाई जिंकल्या! केसभर फरकाने!"

नर्सबाईंनी टॉवेल हवेत भिरकावला. "जिंकल्या! जिंकल्या गं बाई!" म्हणत त्यांनी समोर होती तिला मिठी मारली. समोर थेंब होती. काजळी लागलेल्या कोटात ती नुसतीच उभी राहिली. लंबू पायरीवर मटकन बसला.

"काय झालं?" नर्सबाईंनी मिठी सोडली. "तुम्ही टाकीच्या पार्टीच्या वाटतं?"

"टाकी माझा सख्खा भाऊ," थेंब म्हणाली.

नर्सबाई एकदम हसू लागल्या, हसता हसता खोकू लागल्या. "अहो, त्याच्यामुळेच तर हे सगळं! बटाटे बघायला उठलेच होते. तेवढ्यात तुमचा भाऊ पडद्यामागून आला आणि मी जागच्या जागी खिळले. गळ्याची हाडं मोजता येत होती. म्हटलं, याला आधी सलाइन लावा कोणीतरी. बटाटे डोक्यातून साफ गेले."

लंबूने पायरीवरून मान वर केली. "म्हणजे आग आमच्याच माणसाने लावली?"

"तुमच्याच!"

आता हसायची पाळी सगळ्यांची होती. तेवढ्यात शिंपीकाका ओरडले, "अहो, इकडे बघा, तो बोलतोय!" सगळी डोकी मोबाइलवर वाकली.

निवेदिका टाकीला विचारत होती, "इतक्या थोडक्यात हरलात. वाईट वाटतंय?"

"बाई माझ्यापेक्षा भारी होत्या, त्यात वाईट काय?" टाकी म्हणाला. त्याला धाप लागलेली नव्हती. "लोक सांगत होते, शेवटचे दोन दिवस पाणी सोडा, काट्यावर फरक पडतो. मी आणि बाईंनी मिळून ठरवलं, नाही सोडायचं. पोटभर पाणी प्यायलो. अहो, माझं नावच टाकी आहे, कोरडी ठेवून कसं चालेल?"

मोबाइलमध्ये टाळ्या आणि जिन्यातही टाळ्या.

"आणि आता पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? बंबावर जायचंय. साहेब बघत असतील तर ऐका, साहेब, मी फोनवर बसणार नाही!"

लंबू उठला आणि त्याने थेंबला उचलून गरकन फिरवलं. हेल्मेट गडगडत दोन जिने खाली गेलं. खालून ड्रायव्हर मामांचा आवाज आला, "काय झालं? कोण जिंकलं? मला कोणी सांगेल का?" त्यांना जिंकलं कोण ते कोणीच सांगितलं नाही. सगळे एकच ओरडत होते, "टाकी परत येतोय!"

"प्यायले दोघं पाणी," नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या. "शहाणी मुलं."

केंद्रात परतले तेव्हा जेवणघरात वेगळाच तमाशा चालला होता. साहेब कोपऱ्यात उभे होते आणि आई त्यांच्यासमोर, पर्स काखेत मारून.

"त्याने जगासमोर सांगितलंय. मग उत्तर द्या की!"

"काकू, नियम असतात. आधी डॉक्टर तपासतील, मग चाचणी..."

"घ्या ना चाचणी! नाही कोण म्हणतंय? तारीख सांगा."

"तो आल्याबरोबर," साहेब म्हणाले, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "मलाही तो पुढेच हवाय, काकू."

टेबलावर आईचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि हात मागे घेतला. मग थेंबनेच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"आई?" पलीकडे केवढा तरी गोंगाट होता. "आई, ऐकू येतंय का?"

सगळे फोनभोवती गोळा झाले. आईने डोळे मिटले होते.

"पुन्हा बोल," ती म्हणाली.

"अगं आई, मी आहे. दुसरा आलो. रागावलीस का? बोल ना काहीतरी."

"तोच आहे," आई सगळ्यांना उद्देशून म्हणाली, जणू ती त्याची ओळख पटवून देत होती. "आवाज तोच आहे." मग तिने डोळे उघडले आणि खुर्ची ओढून बसली. "रागावत नाही रे. पण दिसतोयस मात्र धुवून पिळून वाळत घातल्यासारखा. डॉक्टर काय म्हणतात?"

"सगळं ठीक आहे म्हणतात. अंगात ताकद आहे, आई. सहा मजले धावत चढतो."

"बरं. त्या बाईंना सांग, माझ्याकडून शाबासकी. आणि घरी आलास की दाराबाहेरून आधी हाक मार. एकदम समोर उभा राहू नकोस, मला सवय होऊ दे."

टाकी हसला. ते हसणं ऐकून जेवणघरातले सगळे पुन्हा एकदम बोलायला लागले. लंबू फोनवर वाकून ओरडत होता, मुलं खुर्च्यांवर नाचत होती, ड्रायव्हर मामा अजूनही विचारत होते की जिंकलं कोण.

"थेंब कुठाय?" टाकीने विचारलं. "तिचा आवाज नाही. मला वाटलं, सगळ्यात जास्त तीच ओरडेल. निकाल बघितला ना तिने?"

थेंबने फोन हातात घेतला. बोटांची काजळी पडद्यावर उमटली.

"नाही बघितला," ती म्हणाली. "तू लावलेली आग विझवत होते."

"मी लावलेली? मी काय केलं?"

"बस खाली," थेंब म्हणाली आणि ओले बूट काढून स्वतःही फरशीवर बसली. "सांगते. एका नर्सबाईंनी बटाटे उकडत ठेवले होते..."